जमीन ओळखून राहणारं गाव

विमान ढगांच्या खाली आलं आणि खिडकीतून सपाट माथ्यांचे डोंगर दिसू लागले. एकावर एक आडवे थर, त्यांतून उतरलेल्या घळी, पायथ्याशी दगडांचा खच. वैशाखातला माळशेज घाट असाच उघडाबोडका दिसतो. इथे मात्र प्रत्येक घळीत बर्फ होता, झाड एकही नव्हतं आणि डोंगरांच्या पायाशी शिशाच्या रंगाचा समुद्र पसरला होता. स्वालबार्डच्या किनाऱ्याचं हे माझं पहिलं दर्शन.

मुलुंडच्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. टुंड्रा प्रदेशाचा धडा दर वर्षी यायचा. शेवाळ, दगडफूल, रेनडियर, न मावळणारा सूर्य. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची आणि पुढच्या धड्याला लागायची. तो प्रदेश आपण पाहावा, तिथली माणसं तिथे कशी राहतात ते समजून घ्यावं, ही इच्छा निवृत्तीनंतर पुरी झाली.

स्वालबार्ड हा द्वीपसमूह नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर आहे. क्षेत्रफळ ६१ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांखाली. मुख्य गाव लाँगयरब्येन ७८ अंश उत्तर अक्षांशावर, वस्ती अडीच हजारांच्या घरात. याच अक्षांशावरचा ग्रीनलंडचा पूर्व किनारा वर्षातला बराच काळ गोठलेला असतो. इथे मात्र अटलांटिकमधून येणारा उबदार पाण्याचा प्रवाह पश्चिम किनाऱ्याला लागून वाहतो, म्हणून जहाजं इतक्या उत्तरेला पोचू शकतात. चीन आणि हिंदुस्थानाकडे जाणारा उत्तरेचा सागरी मार्ग शोधायला निघालेला डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स १५९६ मध्ये या बेटांपाशी आला आणि ती युरोपच्या नकाशावर चढली. त्याला हवी होती आपल्याकडे येणारी वाट, हाती लागला हा ओसाड किनारा.

ओसाड म्हणावं तर या डोंगरांच्या पोटात दगडी कोळसा आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी इथे दमट जंगल होतं. गावामागच्या हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांत अजून पानांचे ठसे सापडतात. शिरा स्पष्ट दिसणारं एक रुंद पान दगडावर उमटलेलं पाहिलं आणि मला अंधेरीचा गिल्बर्ट हिल आठवला. तो काळा कातळ सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपल्याकडे आगीचे लोट थंडावून दगड झाले, साधारण त्याच सुमारास इथे झाडं गाडली जाऊन त्यांचा कोळसा झाला. अंधेरीत त्या कातळाच्या चहूबाजूंनी इमारती उभ्या आहेत, रोज त्याच्या सावलीतून जाणाऱ्या कितीजणांना त्याचं वय माहीत असेल? इथल्या मुलांना मात्र गावामागच्या डोंगरातला कोणता थर कशाचा आहे हे सांगता येतं.

या कोळशासाठीच जॉन मन्रो लाँगयर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ मध्ये गाव वसवलं. पुढे खाणी नॉर्वेच्या कंपनीकडे गेल्या. गावाच्या डोक्यावर अजून लाकडी मनोरे उभे आहेत, त्यांवरून एके काळी कोळशाच्या बादल्या तारेने बंदरापर्यंत जायच्या. गावाचं कोळशावर चालणारं वीजकेंद्र २०२३ मध्ये थांबलं आणि २०२५ च्या जूनअखेर शेवटची नॉर्वेजियन खाणही बंद झाली.

गावात पाऊल टाकताच लक्ष जातं ते घरांच्या पायांकडे. लाल, पिवळी, हिरवी, निळी लाकडी घरं खांबांवर उभी आहेत आणि त्यांच्या खालून वारा वाहतो. इथली जमीन खोलवर बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात वरचा जेमतेम एखादा मीटर थर वितळतो आणि त्याचा चिखल होतो. घर थेट जमिनीवर बांधलं तर घराच्या उबेने खालचा बर्फ विरघळेल आणि घर खचेल. म्हणून घर वर उचललेलं. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही जमिनीत पुरलेले नाहीत, लाकडी पेट्यांत गुंडाळून घराघरांमधून उघडे नेलेले आहेत. दिसायला सुबक नाही, पण जमिनीचा स्वभाव ओळखून केलेलं आहे.

दारात गेलं की दुसरी ओळख. हॉटेल असो, वस्तुसंग्रहालय असो, उंबऱ्याशीच बूट काढून ठेवायचे. खाणकामगारांच्या बुटांना कोळशाची काजळी असायची, ती घरात येऊ नये म्हणून पडलेली ही रीत. खाणी गेल्या, रीत राहिली. रांगेत मांडलेले बूट आणि मोज्यांवर हिंडणारी माणसं पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. युरोपात फिरताना पायात जोडे ठेवून कुणाच्या बैठकीत शिरायचं हे मला नेहमीच जड जातं, इथे ते ओझं उतरलं.

दुकानांच्या दारांवर बंदूक आत आणू नये अशी पाटी असते, कारण गावाबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलापासून बचावाचं साधन जवळ असावंच लागतं. गावाची हद्द संपते तिथे अस्वलाचं चित्र असलेला फलक आहे. आमची मार्गदर्शक, नॉर्वेच्या दक्षिणेतून आलेली तरुण मुलगी, त्या फलकापाशी थांबली, खांद्यावरची रायफल तपासली आणि म्हणाली, “इथून पुढे आपण पाहुणे.” अस्वल हे घाबरवण्याचं किंवा फोटोचं निमित्त असं तिच्या बोलण्यात कुठेही नव्हतं. १९७३ पासून अस्वलाची शिकार बंद आहे. २०२५ पासून त्याच्या ३०० मीटरच्या आत जायला मनाई आहे आणि मार्च ते जून, पिल्लांच्या दिवसांत, हे अंतर ५०० मीटरचं. मांजर पाळायलाही बंदी आहे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी. मुलुंडच्या पश्चिमेला डोंगराकडच्या वसाहतींत बिबट्या दिसला की आपल्याकडे आधी त्याला पकडायची मागणी होते. इथे आधी माणसाला नियम लागू होतो.

या गावाचं मुळात कुणीच नाही, म्हणजे सगळे बाहेरून आलेले. पन्नासांहून जास्त देशांची माणसं इथे आहेत. थायलंड आणि फिलिपिन्सची कुटुंबंही बरीच, गावात थाई जेवण सहज मिळतं. बाळंतपणासाठी बायकांना मुख्य भूमीवर पाठवतात. वृद्धांसाठी इथे सोय नाही, स्वतःचा भार स्वतः उचलता येईल तोवरच इथे राहायचं. हे ऐकताना आधी कठोर वाटलं. मग आमची उपनगरं आठवली. कोकणातून, घाटावरून, कच्छातून, दक्षिणेतून आलेल्या माणसांनी भरलेली. आपण मात्र आलो की मुळं धरतो, चाळीत गणपती बसवतो, सोसायटीत नातवंडं वाढवतो. दोन्हींकडची माणसं परकी जमीन आपलीशी करतात. इथली ती उसनी म्हणून जपतात, आपण ती कायमची म्हणून तिच्याकडे पाहणंच सोडून देतो.

हे मला जास्त लागलं ते सुक्करटॉपन नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी. १९ डिसेंबर २०१५ ला इथून हिमलोट सुटला, घरं जागची सरकली आणि दोन जीव गेले. त्यानंतर गावाने काय केलं ते डोळ्यांसमोर होतं. उतारावर हिम अडवणाऱ्या पोलादी कुंपणांच्या रांगा आणि पायथ्याशी जिथे घरं होती तिथे मोकळी जमीन. धोक्याच्या पट्ट्यातली घरं पाडली, माणसांना दुसरीकडे वसवलं.

मी त्या मोकळ्या जमिनीकडे बघत बराच वेळ उभी राहिले. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात डोंगर खचून साठहून अधिक माणसं गेली. आमच्या शाळेत तेव्हा दुसऱ्या दिवशी मुलं गप्प बसली होती. २०२१ च्या जुलैत विक्रोळीच्या सूर्यनगरमध्ये पुन्हा तेच झालं. डोंगर, उतार आणि पाणी यांचं गणित दोन्हींकडे एकच, इथे हिम आणि तिथे पाऊस एवढाच फरक. अडीच हजार वस्तीच्या गावाला जे साधलं ते लाखोंच्या वस्तीत अवघड आहे हे मला कळतं. पण अवघड आहे म्हणून दर पावसाळ्यात तोच उतार, तीच झोपडी आणि तीच भीती चालू ठेवणं हा मार्ग नव्हे.

खाण्यापिण्यात हा प्रदेश पूर्णपणे बोटीवर आणि विमानावर अवलंबून आहे, शेती नाहीच. पण येईल ते माणसं सावकाश, चवीने खातात. दुपारी गावातल्या चर्चमध्ये गेलो. हे चर्च दिवसभर उघडं असतं, वर बैठकीची खोली, कॉफीचा वास आणि हृदयाच्या आकाराच्या पाकळ्यांचं मऊ वॉफल. त्यावर मुरंबा आणि तपकिरी चीजची पातळ चकती ठेवतात. हे चीज दूध फाटल्यावर उरणारं पाणी आटवून करतात, चवीला गोडसर, थोडंसं खव्याच्या जवळ जाणारं. रात्री कॉडचा तुकडा आणि उकडलेले बटाटे. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर हाच कॉड लाकडी मांडवांवर टांगून थंड वाऱ्यात सुकवतात, हे कळल्यावर वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या वलांड्यांवर सुकणारे बोंबील डोळ्यांसमोर आले. मीठही न लावता फक्त वाऱ्यावर मासा टिकवणारे हे लोक आणि वर्सोव्याच्या कोळणी एकमेकांना बघता क्षणी ओळखतील.

लाँगयरब्येनहून लहान जहाजाने आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघालो. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत इथे सूर्य मावळत नाही. मध्यरात्री डेकवर उभी होते. उत्तरेकडे क्षितिजाच्या वर सोनेरी सूर्य, कड्यांवर हजारो समुद्रपक्ष्यांचा कलकलाट आणि अंगावर येणारा कोरडा गार वारा. अशा वेळी महाराष्ट्रातल्या माणसाला लोकमान्य टिळक आठवणारच. १९०३ मध्ये पुण्यात त्यांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातल्या उषासूक्तांत दीर्घकाळ चालणाऱ्या पहाटेची वर्णनं आहेत, ती ध्रुवाजवळच्या आकाशाशीच जुळतात, अशी त्यांची मांडणी. आर्यांचं मूळ घर इथे होतं हा त्यांचा निष्कर्ष आजचे अभ्यासक मानत नाहीत. तरीही हा प्रदेश कधीही न पाहिलेल्या माणसाने, केवळ ऋचा आणि खगोलशास्त्र यांच्या आधारे, इथली आठवडेच्या आठवडे रेंगाळणारी पहाट मनाने उभी केली, ही बुद्धीची झेप या डेकवर उभं राहिल्याशिवाय पुरती कळत नाही.

पुढे काँग्सफ्योर्ड नावाच्या खाडीत शिरलो. तिच्या टोकाला हिमनद्या थेट पाण्यात उतरतात. निळसर भिंतीचा एखादा भाग कोसळतो, आधी पाणी उसळलेलं दिसतं आणि मग गडगडाट ऐकू येतो. खाडीत ब्लोमस्ट्रँड नावाचा भूभाग आहे. जुन्या नकाशांत तो द्वीपकल्प म्हणून दाखवलेला, कारण हिमनदीने त्याला किनाऱ्याशी जोडलं होतं. १९९० च्या दशकात हिमनदी मागे सरली, मधे पाणी आलं आणि ते बेट असल्याचं उघड झालं. भूगोलाच्या शिक्षिकेला यापेक्षा मोठा धडा कोणता? नकाशा काढणाऱ्यांचा काळ संपला असं आपण समजतो, आणि इथे हवामान नकाशा पुन्हा काढायला लावतं आहे.

याच खाडीच्या दक्षिण तीरावर न्यू-ओलेसुन. एके काळी हेही खाणीचं गाव. १९६२ च्या नोव्हेंबरात खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले आणि खाण बंद झाली. आता इथे अनेक देशांची संशोधन केंद्रं आहेत. मोजमापाच्या नाजूक उपकरणांना अडथळा नको म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. एवढ्या माणसांत कुणाच्याही हातात फोन नाही, सगळे एकमेकांकडे बघून बोलतात. सर्व देशांचे शास्त्रज्ञ एकाच भोजनगृहात जेवतात. रस्त्याच्या कडेला सुरय पक्ष्यांची घरटी आहेत. जवळ गेलं की हे पक्षी डोक्यावर झेपावतात, म्हणून लोक हातातली काठी डोक्यावर उंच धरून चालतात आणि वाट पक्ष्यांना सोडतात.

या गावात भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे, १ जुलै २००८ रोजी सुरू झालेलं. त्याचं काम गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. साधी दुमजली लाकडी इमारत, दारावर आपलं नाव. तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा ऊर भरून आला, हे मी मोकळेपणाने सांगते. या भूमीशी आपलं नातं कागदावर त्याहून जुनं आहे. ९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला, त्यात ब्रिटिशांमार्फत हिंदुस्थानही सामील होता. आज इथलं सार्वभौमत्व नॉर्वेचं, पण करारातल्या देशांच्या नागरिकांना इथे राहण्याचे आणि उद्योग करण्याचे समान हक्क आहेत.

केंद्राबाहेर एक भारतीय संशोधक भेटला. मी मुंबईची म्हटल्यावर त्याने हिंदीत पहिला प्रश्न केला तो मुंबईत पाऊस कसा आहे हा. गप्पा निघाल्या. २०१४ पासून या खाडीत पाण्याखाली भारताने उपकरणांची साखळी सोडली आहे, ती पाण्याचं तापमान आणि खारटपणा सतत मोजते. सायबेरियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि भारतात पावसाळ्याच्या अखेरीला होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असावा, असंही वास्कोच्या शास्त्रज्ञांना अभ्यासात आढळलं आहे. लाँगयरब्येनला वर्षभरात सुमारे २०० मिलिमीटर वृष्टी होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इथल्या जवळजवळ पाच वर्षांचं पाणी आमच्या उपनगरांवर एका दिवसात कोसळलं होतं. ठाण्याच्या खाडीत, भांडुपच्या उदंचन केंद्राजवळ हिवाळ्यात टिलव्यासारखे चिमुकले पक्षी चिखलात चोची खुपसताना मी अनेकदा पाहिले आहेत, तेही आर्क्टिकच्या टुंड्रात जन्मलेले. आपण दूर समजतो तो प्रदेश आपल्या ढगांत आणि आपल्या चिखलात केव्हाचा येऊन पोचला आहे.

न्यू-ओलेसुनच्या टोकाला लोखंडी मनोरा आहे. ११ मे १९२६ ला इथून ‘नॉर्गे’ हे वायुजहाज सुटलं. रोआल आमुन्सेन, अमेरिकन लिंकन एल्सवर्थ आणि इटालियन उंबेर्तो नोबिले त्यात होते. ध्रुवावरून जाऊन ते अलास्कात उतरले. पुढे आमुन्सेन आणि नोबिले यांच्यात बिनसलं. १९२८ मध्ये नोबिलेचं दुसरं वायुजहाज बर्फावर कोसळलं, तेव्हा त्याच्याशी अबोला धरलेला आमुन्सेन त्याच्या शोधासाठी विमानाने निघाला आणि परत आलाच नाही. या किनाऱ्याच्या इतिहासात धाडसाच्या कथा पुष्कळ आहेत, मला सर्वांत मोठी ही वाटते.

आणखी उत्तरेला, वायव्य टोकाजवळ, डच देवमासेमारांची सतराव्या शतकातली वस्ती होती. चरबी वितळवण्याच्या भट्ट्यांचे काळे वर्तुळाकार डाग वाळूवर अजून आहेत. इतके देवमासे मारले, की शेवटी ते या खाड्यांतून नाहीसे झाले. जवळच्याच बंदरातून ११ जुलै १८९७ ला स्वीडनचा सालोमोन आँद्रे दोन सोबत्यांसह बलूनने ध्रुवाकडे निघाला. तिघांचे अवशेष ३३ वर्षांनी पूर्वेकडच्या एका बेटावर सापडले, आणि त्यांच्या कॅमेऱ्यातली छायाचित्रं धुता आली. त्या बंदरात आज फुटक्या पिंपांच्या फळ्या आणि गंजलेलं लोखंड पडलेलं आहे, आणि त्याला हात लावायचा नाही. १९४६ पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण, अगदी खिळासुद्धा, इथे कायद्याने संरक्षित आहे. लुटीच्या खुणाही जपायच्या, म्हणजे पुढच्यांना कळावं की इथे काय घडलं.

परत लाँगयरब्येनला आलो तेव्हा विमानतळाजवळच्या डोंगरात घुसलेलं काँक्रीटचं अरुंद दार बघायला गेलो. २००८ मध्ये सुरू झालेली ही जागतिक बियाणं कोठी. उणे १८ अंशांत जगभरच्या पिकांचे १३ लाखांहून अधिक नमुने इथे ठेवलेले आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर आणि हरभऱ्याची बियाणंही त्यांत आहेत. आपल्या भाकरीचं आणि आमटीचं बी ध्रुवाजवळच्या डोंगरात सुरक्षित आहे. पण २०१६ मध्ये या कोठीच्या प्रवेशबोगद्यातही पाणी शिरलं. बियाणांपर्यंत ते पोचलं नाही, तरी बोगदा नव्याने बांधावा लागला. २५ जुलै २०२० ला लाँगयरब्येनला २१.७ अंश तापमान नोंदलं गेलं, तिथला तो उच्चांक. कायम गोठलेली म्हणून ज्या जमिनीवर भरवसा ठेवला, ती बदलते आहे, आणि इथली माणसं खांब खोल नेत, घरं हलवत, रोज मोजत तिच्या मागे चालली आहेत.

या किनाऱ्याकडून आपण शिकायचं ते हेच. आमच्या उपनगरांना पश्चिमेला समुद्र आहे, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मधे डोंगर. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या याच डोंगरांतून निघतात, आणि आमची मुलं त्यांना नाला म्हणून ओळखतात. भूगोल शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: टुंड्राचा धडा जरूर शिकवा, पण त्याच आठवड्यात मुलांना शाळेबाहेर न्या. शाळेची इमारत कोणत्या दगडावर उभी आहे, गल्लीतलं पावसाचं पाणी कोणत्या नदीला मिळतं, जवळचा उतार कोणता आणि त्याखाली कोण राहतं, हे त्यांना स्वतः शोधून वहीत लिहू द्या. जी पिढी हे लिहील, ती उद्या डोंगर फोडायच्या आणि खाडी बुजवायच्या परवानगीवर डोळे मिटून सही करणार नाही.